‘क्लेमचा वकील’ व्हायला निघालेल्या मुलीच्या वडिलांना

पत्र : मी सांगली जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक आहे. मुलगी पाच वर्षांच्या लॉ कोर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. निकाल लागला की तिनं लगेच न्यायाधीशपदाची परीक्षा द्यावी अशी माझी इच्छा. जिल्हा न्यायालयातल्या एका ज्येष्ठ वकिलांनी मात्र तिला ज्युनिअर म्हणून बोलावलं आहे. त्यांच्याकडे दिवाणी दावे आणि मोटार अपघाताच्या क्लेम केसेस जास्त असतात. नातेवाईक म्हणतात, क्लेमचा वकील म्हणजे दवाखान्याच्या दारात गिऱ्हाईक शोधणारा. शिवाय सरकारची कॅशलेस योजना आली, सहा महिन्यांची मुदत आली, एआय आलं. मग हे काम उरणार तरी किती? आमच्या घरात वकील कुणी नाही. सनदेला (वकिलीच्या परवान्याला) खर्च किती येतो तेही कळवा. (नाव प्रसिद्ध करू नये.)

नमस्कार सर,

परीक्षेचा विषय आधी मिटवून टाकू, कारण तिथं तुमच्या हातात फारसं काही उरलेलं नाही. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) या पदासाठी किमान ३ वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू करायला सांगितली. आपल्याकडे एमपीएससीमार्फत होणाऱ्या या परीक्षेला पूर्वी पदवी हातात पडल्यावर लगेच बसता यायचं. आता ती ३ वर्षं तात्पुरती सनद मिळाल्याच्या तारखेपासून मोजायची आहेत, आणि प्रत्यक्ष वकिली केल्याचा दाखलाही लागणार आहे. जाहिरात निघेल तेव्हा पात्रतेची अट शब्दन् शब्द वाचा. पण घरी बसून अभ्यास करायचा आणि थेट खुर्चीवर जायचं, हा बेत धरून चालू नका. तेव्हा मुलीला ३ वर्षं कोर्टात काढायचीच आहेत. ती कुणाच्या हाताखाली काढायची, एवढंच ठरवायचं.

माझं मत विचाराल तर त्या वकिलांकडे तिनं जावं, पण एक गोष्ट तपासून.

नातेवाईक म्हणतात ते अगदीच खोटं नाही. अपघात झाला की पोलीस ठाणं नाहीतर दवाखान्यातून खबर काढायची, घरच्यांच्या वकीलपत्रावर सह्या घ्यायच्या आणि रक्कम आली की टक्का कापायचा, असं काम करणारे एजंट आणि त्यांच्या भरवशावर चालणारी ऑफिसं आहेत. उत्तर प्रदेशात तर बोगस क्लेमच्या चौकशीसाठी उच्च न्यायालयाच्या आदेशानं विशेष तपास पथक नेमावं लागलं होतं. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून असलेली फी ठरवता येत नाही, मिळालेल्या रकमेत वाटाही घेता येत नाही. म्हणून तपासायची गोष्ट अशी : या वकिलांकडे केसेस येतात कुठून, आणि फी कशी ठरते? मुलीनं हे थेट विचारू नये, पहिल्या भेटीत ते बरं दिसणार नाही. महिनाभर तिथं बसली की आपोआप कळेल. अपघाताची खबर घेऊन येणारे एजंट अशिलांपेक्षा जास्त दिसले, तर तिनं दुसरं ऑफिस शोधावं.

आता कामाचा दर्जा. हे काम हलकं समजलं जातं, कारण बाहेरून ते फॉर्म भरण्यासारखं दिसतं : एफआयआर, पंचनामा, विम्याची पॉलिसी जोडा, अर्ज टाका. आत काय चालतं ते एका हिशेबातून दाखवतो. तुम्ही शिक्षक आहात, आकडे तपासून घ्यालच.

३८ वर्षांचा एक प्लंबर अपघातात गेला. मागे बायको, दोन मुलं आणि आई. नुकसानभरपाईचं गणित सर्वोच्च न्यायालयानं सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या दोन निकालांत बसवून दिलं आहे. स्वतःचा धंदा करणारा आणि चाळिशीच्या आतला असेल, तर उत्पन्नात पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे. चार जण अवलंबून असतील, तर त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करायचे. मग वर्षाच्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकानं गुणायचं; ३६ ते ४० या वयाला तो १५. आता त्याची कमाई महिना २०,००० सिद्ध झाली असं धरा. वाढ धरून २८,०००, वजावट करून २१,०००, वर्षाचे २ लाख ५२ हजार, गुणिले १५ म्हणजे ३७ लाख ८० हजार. आणि उत्पन्नाचा धड पुरावाच आला नाही, म्हणून क्लेम केसेस चालवणाऱ्या मोटार अपघात न्यायाधिकरणानं अंदाजानं १२,००० धरले तर? हीच पायरी चढत गेलात की २२ लाख ६८ हजार. अंत्यविधी, सहवास गमावणं वगैरेच्या ठरावीक रकमा दोन्हीकडे सारख्याच वरून मिळतील, त्या सोडा. फरक १५ लाख १२ हजारांचा. कायदा तोच, अपघात तोच, माणूसही तोच.

हे १५ लाख वकिलाच्या कष्टाचे आहेत. प्लंबरला पगारपत्रक नसतं. पण हार्डवेअरच्या दुकानात त्याचं खातं असतं, ज्या बिल्डरकडे तो काम करायचा त्याची बिलं असतात, आणि गेल्या काही वर्षांत यूपीआयनं जमा झालेले पैसे बँकेच्या उताऱ्यात ओळीनं दिसतात. त्या दुकानदाराला साक्षीला तयार करायचं, उलटतपासात तो डगमगणार नाही एवढं आधी बोलून घ्यायचं, उताऱ्यावर निशाणी (पुरावा म्हणून कोर्टाचा क्रमांक) पडेल असं बघायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र लागतं, ते आता दोन भागांत द्यायचं असतं आणि त्यात हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा) लिहावी लागते. प्रमाणपत्राशिवाय असा पुरावा चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये आपल्याच जालन्याच्या निवडणूक खटल्यात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल या निकालात, पक्कं केलं होतं. मोटार अपघात न्यायाधिकरण पुराव्याच्या नियमांना इतकं चिकटून बसत नाही हे खरं. पण सीसीटीव्हीचं फुटेज किंवा मोबाइलमधला व्हिडिओ रीतसर दाखल करायला जो ज्युनिअर शिकला, त्याचं पुढं कुठल्याही कोर्टात अडत नाही.

जखमींच्या केसेस तर याहून अवघड. डॉक्टरांच्या दाखल्यात ‘४० टक्के अपंगत्व’ लिहिलेलं असतं. तेवढ्यावरून कमाई ४० टक्के घटली असा निष्कर्ष काढता येत नाही, हे राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) या निकालानं सांगितलं. त्यातलंच उदाहरण घ्या : डावा हात गेलेला ड्रायव्हर धंद्यातून उठतो, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. मग साक्षीला आलेल्या ऑर्थोपेडिक डॉक्टरला नेमकं काय विचारायचं? हा माणूस क्लच दाबू शकेल का, गिअर टाकू शकेल का, जड वाहनाचा परवाना त्याला पुन्हा मिळेल का. असे प्रश्न काढायला वकिलाला त्या माणसाचा कामाचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत माहीत असावा लागतो. मला विचाराल तर कायद्याच्या विद्यार्थ्याला इतक्या लवकर इतकं खोल शिकवणारी दुसरी जागा जिल्हा न्यायालयात नाही. फौजदारीत ज्युनिअरच्या वाट्याला उलटतपास येईपर्यंत केस पांढरे व्हायला लागतात.

तुमच्या भीतीकडे येतो. कॅशलेस योजना मे २०२५ मध्ये अधिसूचित झाली. तिच्यात अपघातग्रस्ताला ७ दिवसांपर्यंत, दीड लाखाच्या मर्यादेत उपचार मिळतात. ते उपचाराचे पैसे आहेत, गेलेल्या कमाईचे नाहीत, त्यामुळे क्लेमच्या जागी ती योजना येऊ शकत नाही. सहा महिन्यांच्या मुदतीचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. अपघातापासून सहा महिन्यांत क्लेमचा अर्ज करायची ही मुदत मूळ १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात होती, १९९४ मध्ये काढली गेली, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं १ एप्रिल २०२२ पासून परत आली. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि तोवर निव्वळ मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नका, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. तरी शहाणा वकील सहा महिन्यांच्या आतच अर्ज टाकतो.

खरा बदल वेगळ्याच ठिकाणी झाला आहे, आणि त्याची चर्चा कमी होते. त्याच १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनी पोलिसांना कामाला लावलं : पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम ५० दिवसांत, सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणापुढे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोहर मोहम्मद प्रकरणात त्याची अंमलबजावणी करायला बजावलं. विमा कंपनीनंही ठरलेल्या मुदतीत तडजोडीची रक्कम कळवायची आहे. मार्च २०२५ मध्ये आणखी एक निकाल आला, की रक्कम कोर्टात पडून राहण्याऐवजी थेट वारसांच्या खात्यात जमा व्हावी. हे सगळं ठरल्याप्रमाणे होऊ लागलं, तर नुसते कागद गोळा करून देणाऱ्या आणि चेकच्या दिवशी उगवणाऱ्या माणसाचं काम संपलं. उरेल तो कंपनीनं देऊ केलेला आकडा कमी का आहे ते सांगू शकणारा वकील. तुमच्या नातेवाइकांनी पाहिलेला ‘क्लेमचा वकील’ मागे पडतो आहे, आणि तुमच्या मुलीच्या पिढीला ते सोयीचंच आहे.

दुसरी बाजूही आहे. विमा कंपन्यांचं स्वतःचं वकिलांचं पॅनेल असतं. चालकाचा परवाना वैध होता का, पॉलिसीची अट मोडली का, अपघातात तेच वाहन होतं का, हे तपासणंही शिकण्यासारखं आहे. सुरुवातीला मात्र तिनं वारसांच्या बाजूनं उभं राहावं. पुरावा उभा करायला शिकलेल्याला तो पाडायला शिकणं सोपं जातं, उलटं सहसा होत नाही.

एका बाबतीत मात्र मी सावध करीन. फक्त क्लेम केसेसवर ३ वर्षं घालवू देऊ नका. न्यायाधिकरणात चौकशी संक्षिप्त असते, दिवाणी प्रक्रिया संहिता तिथं पूर्ण लागू होत नाही. वाटपाचा दावा लिहिणं, कैफियत देणं, मनाई हुकमाच्या अर्जावर युक्तिवाद करणं हे तिथं शिकायला मिळत नाही, आणि न्यायाधीशपदाच्या परीक्षेत नेमकं हेच विचारतात. त्या वकिलांकडे दोन्ही प्रकारचं काम आहे असं तुम्ही लिहिता, ते चांगलं आहे. तिनं दरखास्तीही (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचे अर्ज) मागून घ्याव्यात. हुकूमनामा हातात असून जमिनीचा ताबा नाही की पैसा नाही, अशी अंमलबजावणीची प्रकरणं २०२५ मध्ये देशभर ८ लाख ८० हजारांहून जास्त तुंबली होती, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा होता. सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये सहा-सहा महिन्यांची मुदत घालून उच्च न्यायालयांच्या मागं तगादा लावला आहे. बेलिफाबरोबर ताब्याला जायचं काम कुणालाच नको असतं. म्हणूनच ते ज्युनिअरला लवकर मिळतं.

एआयबद्दल थोडक्यात. मसुदा लिहिणं, निवाडे शोधणं, भाषांतर यांत त्याची मदत होते आणि ती तिनं घ्यावीच. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं प्राप्तिकर आकारणीचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांचा आधार घेतला होता. मूळ निकाल उघडून वाचल्याशिवाय एकही संदर्भ द्यायचा नाही, ही शिस्त पहिल्या दिवसापासून हवी. आणि हार्डवेअरच्या दुकानदाराला साक्षीला राजी करणं अजून तरी माणसालाच करावं लागतं.

पैशाचं स्पष्टच लिहितो. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं असं सुचवलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पुष्कळ ऑफिसांत याच्या निम्मंही मिळत नाही. पहिली दोन वर्षं तुम्हाला घरातून भर घालावी लागेल असं धरून चला, आणि तसं मुलीला आत्ताच सांगा, म्हणजे ती टक्केवारीच्या मोहात पडणार नाही. सांगलीकरांना एक फायदा नव्यानं झाला आहे : १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. न्यायाधिकरणाच्या निकालावरची अपिलं, जी पूर्वी मुंबईला जायची, ती आता तासाभराच्या अंतरावर चालतात. आपल्या ऑफिसच्या केसचं अपील ऐकायला तिनं जमेल तेव्हा तिकडे जाऊन बसावं. खाली कुठला प्रश्न विचारायचा राहून गेला, ते वर ऐकताना कळतं.

सनदेचं शेवटी. ३० जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नावनोंदणीचं शुल्क खुल्या प्रवर्गाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये, याहून जास्त घेता येत नाही. मुद्रांक शुल्क आणि ऑल इंडिया बार परीक्षेची फी वेगळी. निकाल लागला की अर्जाला उशीर करू नका, मुलीची ३ वर्षं तात्पुरती सनद मिळाल्याच्या तारखेपासून मोजली जाणार आहेत.