सर्व्हरवर कोकणी पान मराठी का होते?

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयासाठी मी जँगोमध्ये (पायथनमधली वेबसाइट बनवण्याची चौकट) एक ॲप्लिकेशन लिहिले आहे. पुस्तकांची यादी, सभासदांचे पान, नव्या पुस्तकांची सूचना, एवढेच. मजकूर मराठी आणि कोकणी अशा दोन्ही भाषांत आहे. ब्राउझरकडून मागणीसोबत येणारी भाषेची नोंद, म्हणजे ‘ॲक्सेप्ट-लँग्वेज’ हेडर, व्ह्यूमध्ये (पान तयार करणाऱ्या कोडमध्ये) वाचून मी भाषा ठरवतो. घरी सगळे नीट चालते. भाड्याच्या सर्व्हरवर चढवल्यापासून मात्र कोकणी मागणाऱ्याला कधी मराठी पान मिळते, कधी उलटे. शिवाय ‘पुस्तकसूची’ नावाची पीडीएफ काही जणांच्या फोनवर भलत्याच अक्षरांच्या नावाने उतरते. आणि मोबाइल ॲपमधून पाठवलेले, ॲपची ओळख पटवणारे ‘एपीआय_की’ हेडर जँगोला मिळतच नाही, घरीही नाही आणि सर्व्हरवरही नाही.
— एक वाचक, फोंडा तालुका

उत्तर : तुमच्या तिन्ही अडचणी हेडरच्याच आहेत, पण पहिली सर्वांत महत्त्वाची, म्हणून तिच्यापाशी जास्त थांबते.

घरी ब्राउझर आणि जँगो यांच्यामध्ये कोणी नसते. सर्व्हरवर बहुतेक वेळा मध्ये एक कॅश, म्हणजे तयार पानांचा साठा, बसलेली असते, एन्जिनएक्सची (जँगोच्या पुढे उभा असलेला वेब सर्व्हर) किंवा सीडीएनची (ठिकठिकाणी पाने साठवून देणारी सेवा). ती पत्ता (यूआरएल) पाहून पान साठवते आणि तोच पत्ता पुन्हा आला की साठवलेले पान देऊन टाकते. सभासदाने पुस्तकाचे नाव सांगितले आणि भाषा न विचारताच ग्रंथपालाने हाताला लागलेली प्रत दिली, तसेच हे. हे पान भाषेनुसार बदलते हे कॅशला कळावे, यासाठी उत्तरासोबत ‘व्हॅरी’ हे हेडर जायला हवे आणि त्यात ‘ॲक्सेप्ट-लँग्वेज’ असे लिहिलेले हवे. जँगोचे लोकेल मिडलवेअर (प्रत्येक मागणीच्या वाटेवर बसून भाषा ठरवणारा भाग) हे काम आपणहून करते. तुम्ही भाषा स्वतः व्ह्यूमध्ये ठरवलीत, त्यामुळे ते राहून गेले असणार. ‘व्हॅरी ऑन हेडर्स’ हा डेकोरेटर (व्ह्यूच्या डोक्यावर लिहायची ओळ) त्या व्ह्यूवर लावा. हेडर हाताने लिहू नका. त्यात आधीच दुसरे काही लिहिलेले असू शकते, आणि तुम्ही थेट नवा मजकूर दिलात तर ते पुसले जाईल. डेकोरेटर आधीच्या यादीत भर घालतो.

एवढ्याने पाने अदलाबदल व्हायची थांबतील. तरी माझा आग्रह वेगळाच आहे. भाषा पत्त्यातच ठेवा, मराठीसाठी एक आणि कोकणीसाठी दुसरा पत्ता. काही सीडीएन भाषेच्या ‘व्हॅरी’कडे बघतच नाहीत. जे बघतात त्यांचीही पंचाईत होते, कारण प्रत्येक फोन भाषांची यादी आणि त्यांचा प्राधान्यक्रम वेगवेगळ्या तऱ्हेने पाठवतो. मग एकाच पानाच्या ढीगभर प्रती साठतात आणि कॅशचा उपयोग उरत नाही.

खरे कारण मात्र गोव्याचे आहे. म्हापशात माझ्या शेजारच्या काकी घरात कोकणी बोलतात, सकाळी मराठी वर्तमानपत्र वाचतात आणि त्यांचा फोन दुकानदाराने लावून दिला तसा इंग्रजीत आहे. त्यांचा ब्राउझर तुमच्या सर्व्हरला इंग्रजीच सांगणार. बार्देस-सासष्टीत रोमी लिपीत कोकणी वाचणारे कितीतरी आहेत. भाषेच्या संकेतात लिपीही सांगता येते, पण फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ती निवडणारे किती असतील? फोन कोणत्या भाषेत आहे एवढेच या हेडरवरून कळते. माणसाला काय वाचायचे आहे ते त्याला विचारावे लागते. म्हणून पहिल्या भेटीला अंदाजापुरते हेडर वापरा, पानावर भाषांची बटणे सहज दिसतील अशी ठेवा आणि वाचकाने निवडले की तेच कायम धरा. जँगोत पत्त्यातल्या भाषेसाठी ‘आय१८एन पॅटर्न्स’ तयार आहेत.

तुम्ही विचारले नाही, पण कॅशचा विषय निघाला आहे तर सभासदांच्या पानाचे सांगायलाच हवे. कोणी कोणते पुस्तक नेले, हे गावात दुसऱ्या कोणाला दिसता कामा नये. त्या व्ह्यूवर ‘नेव्हर कॅश’ डेकोरेटर लावा. तो ‘कॅश-कंट्रोल’मध्ये ‘प्रायव्हेट’ आणि ‘नो-स्टोअर’ दोन्ही घालतो. नुसत्या ‘नो-कॅश’वर विसंबू नका. त्याचा अर्थ ‘साठवा, पण देण्याआधी सर्व्हरला विचारा’ एवढाच आहे. हे काम आजच करा, भाषेचे उद्या केले तरी चालेल.

पीडीएफचे सोपे आहे. ‘कंटेंट-डिस्पोझिशन’मध्ये तुम्ही देवनागरी नाव थेट लिहिलेत. हेडरच्या मजकुरात जँगो लॅटिन-१ (पश्चिम युरोपीय भाषांचा अक्षरसंच) मधलीच अक्षरे ठेवतो. बाकीची अक्षरे तो ईमेलच्या पद्धतीने संकेतबद्ध करतो, आणि ती पद्धत काही ब्राउझर उलगडतात, काही उलगडत नाहीत. ‘फाइल रिस्पॉन्स’ वापरा, ‘ॲज अटॅचमेंट’ खरे (ट्रू) ठेवा आणि नाव ‘फाइलनेम’मध्ये द्या. मग जँगो नाव यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्या सामावणारा संकेत), टक्क्याच्या चिन्हांनी लिहून पाठवतो. देवनागरीचे एकेक चिन्ह ३ बाइटचे, म्हणून त्याची ९ अक्षरे होतात. हेडर लांबलचक दिसेल, घाबरू नका.

‘एपीआय_की’ हरवते ते अंडरस्कोरमुळे (_). हेडरची नावे पायथनच्या ॲप्लिकेशनपर्यंत पोचताना त्यांतल्या आडव्या रेघांचे (-) अंडरस्कोर होतात. मग रेघेचे खरे हेडर कोणते आणि अंडरस्कोर घालून कोणी घुसवलेले कोणते, हे ओळखता येत नाही. म्हणून एन्जिनएक्स अशी हेडरे मुळातच गाळतो, आणि जानेवारी २०१५ च्या सुरक्षा दुरुस्तीपासून जँगोचा घरचा सर्व्हरही गाळतो. एन्जिनएक्समध्ये ती सोडण्याची सोय आहे, पण ती चालू करू नका. नावात अंडरस्कोरऐवजी रेघ घाला. त्याहून बरे म्हणजे सरळ ‘ऑथोरायझेशन’ हेडर वापरा. वाचताना ‘रिक्वेस्ट.हेडर्स’ घ्या. २०१९ मध्ये आलेल्या जँगो २.२ पासून ते आहे आणि लहान-मोठ्या लिपीचा भेद करत नाही. एचटीटीपी/२ मध्ये (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाची नवी पद्धत) सगळी नावे लहान लिपीतच येतात, त्यामुळे हे सोयीचे पडते.

बदल केलेत की ब्राउझरमध्ये पाहू नका, त्याची स्वतःची कॅश असते. टर्मिनलवर ‘कर्ल’ (पान मागवणारी आज्ञा) घ्या, लहान ‘आय’चा पर्याय लावा, ‘ॲक्सेप्ट-लँग्वेज’ एकदा मराठी आणि एकदा कोकणी पाठवा आणि दोन्ही उत्तरांची हेडरे शेजारी ठेवून वाचा. तरीही पाने बदलत राहिली, तर ती दोन्ही उत्तरे मला पाठवा. पाठवताना ‘सेट-कुकी’ची ओळ तेवढी खोडा.