नव्या जमिनीतील पहिल्या पिकाचा जोम

प्रश्न : जंगलतोडीने जमिनीचा कस जातो असे म्हणतात, मग मोकळ्या केलेल्या जमिनीत पहिली एक-दोन पिके जोमदार का येतात?

उत्तर : हा जोम म्हणजे साठवलेले भांडवल मोडून खाणे होय. झाडे गेल्यावर पालापाचोळ्याची भर थांबते, उघडी माती अधिक तापते आणि नांगरटीमुळे मातीच्या कणसमूहांत दडलेले सेंद्रिय द्रव्य सूक्ष्मजीवांच्या हाती लागते. ते कुजताना कर्ब कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत जातो, तर नत्र अमोनियम व पुढे नायट्रेट होऊन मोकळे होते. पिकाला लाभते ते हेच नत्र. मात्र नायट्रेटवर मातीच्या कणांप्रमाणेच ऋण विद्युतभार असल्याने ते कण त्याला सहसा धरून ठेवत नाहीत, आणि शोषणारी मुळे नसतील तर ते पावसाच्या पाण्याबरोबर निचरून जाते. अमेरिकेतील हबर्ड ब्रुक या प्रायोगिक जंगलात १९६५-६६ च्या हिवाळ्यात एका पाणलोटातील सर्व झाडे तोडून पुढे तणनाशकाने नवी वाढही रोखली (प्रयोग टोकाचाच म्हणायचा), तेव्हा ओढ्यातील नायट्रेट ४० पटींहून अधिक वाढले. कर्बाची घट मात्र बरीचशी नंतरच्या वापरावर ठरते : जगभरच्या अभ्यासांच्या २००२ मधील एका आढाव्यात, जंगलाचे शेत झाले तेथे मातीतील कर्ब सरासरी ४२ टक्क्यांनी घटला होता, कुरण झाले तेथे उलट किंचित वाढला होता.