कृष्णकमळाची जात ओळखायची? आधी देठ बघा

तुमच्या कृष्णकमळाची नेमकी जात कोणती, असं विचारलंत. अभिनंदन, वेल छान धरलाय! ठाण्यातल्या नर्सऱ्यांत कुठलंही जांभळं फूल 'कृष्णकमळ' म्हणून मिळतं. कृष्णकमळ ज्या पॅसिफ्लोरा वंशातलं, त्यात ५०० हून जास्त जाती आहेत, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका. सुरुवातीला एवढंच बघा:

- पानाचा देठ: बऱ्याच जातींत त्यावर मोहरीएवढ्या किंवा त्याहून बारीक गाठी, म्हणजे ग्रंथी, असतात. किती आहेत, पानाजवळ की मधोमध, ते भिंगातून बघून लिहून ठेवा. बहुतेक जण नेमकं हेच विसरतात.
- पान: पॅशनफ्रूटचं (हीसुद्धा याच वंशातली जात) तीन खंडांचं, म्हणजे तीन भागांत चिरलेलं, दातेरी कडेचं, निळ्या फुलांच्या सेरुलिया जातीचं बहुधा पाच खंडांचं, गुळगुळीत कडेचं.
- सहपत्रं, म्हणजे कळीखालची छोटी पानं: जाळीसारखी, चिकट असली आणि पान चुरडल्यावर उग्र वास आला, तर ती रानोमाळ दिसणारी फीटिडा जात.

रोपट्याच्या कोवळ्या पानांवरून निदान करू नका, पॅशनफ्रूटचीसुद्धा पहिली पानं अखंडच असतात. फूल जेमतेम दिवसभर टिकतं, म्हणून समोरून, बाजूने आणि मागून फोटो त्याच दिवशी काढा, शेजारी पट्टी ठेवून.

आणि ओळख पक्की होईपर्यंत फळ तोंडात घालू नका. कित्येक जातींच्या कच्च्या फळांत सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात.