चिपटं म्हणजे नक्की किती?

प्रश्न : सासूबाईंच्या जुन्या वहीत कोंबडीवड्यांच्या पिठाला "१ शेर तांदूळ, चिपटं उडीद" असं लिहिलंय. मी शेर म्हणजे किलो धरला आणि चिपटं म्हणजे वाटी असेल म्हणून एक वाटी उडीद घातले. वडे एकही फुगला नाही, नुसते कडक. चुकलं कुठे?
– एक वाचक, देवगड

उत्तर : ताई, वहीत चूक नाही, वाटीत आहे. चिपटं म्हणजे शेराचा चौथा हिस्सा. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर झाले की पायली. किलोभर तांदूळ आपल्या नेहमीच्या वाटीने साधारण आठ वाट्या भरतो, म्हणजे उडीद दोन वाट्या हवे होते, तुम्ही निम्मेच घातलेत मग वडा फुगणार कसा!

आणि एक घोळ नेटवरही आहे. तिथे शेर म्हणजे ९३३ ग्रॅम असं सापडतं, तो ८० तोळ्यांचा वजनी शेर. वहीतला शेर मापी, भांड्याने भरायचा. त्याच चिपट्यात पोहे भरा नि तांदूळ भरा, काट्यावर वजन कधी सारखं येईल का? १९५६ च्या कायद्याने किलो-ग्रॅम आले, दुकानातली जुनी मापं हळूहळू गेली पण आपल्याकडे खळ्यावर भात मापायला पायली राहिलीच, आणि मापताना पहिल्या पायलीला "एक" न म्हणता "लाभ" म्हणायचं तेही. (वहीत कुठे "पायली भात" दिसलं तर तो शिजवलेला नव्हे हां, टरफलासकटचा. मुंबईकर सुना इथे हमखास फसतात.)

आमच्या घरी पितळेचं चिपटं होतं, बुडाला चेपलेलं. आजी घरच्या पिठाला ते भरून वरून तळहात फिरवायची, सपाट. शेजारी कोणाला उसने तांदूळ द्यायचे असले की मात्र शीग लावून, दाणे बाजूने ओघळेपर्यंत.

म्हणून आता ग्रॅम शोधत बसू नका, घरातला कुठलाही पेला घ्या, चार पेले तांदूळ नि एक पेला उडीद, दोन्ही सपाट. सासूबाईंना तेवढं विचारून घ्या, त्यांचं चिपटं सपाट होतं की शिगेचं, कारण शिगेचं असेल तर उडीद मूठभर वाढवावे लागतील.