वाटीतले अकरा शेंगदाणे

काकूंनी पिशवीतून वहीचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. नातीच्या अक्षरात यादी होती : साखर, दूध, टोमॅटो, वांगं, मैदा, मायक्रोवेव्ह. "हे समदं बंद केलंय. अजून काय सोडू?" मायक्रोवेव्ह त्यांच्या घरात कधी नव्हताच, पण कर्करोगाबद्दल मोबाइलवर आलेल्या मेसेजात होता, म्हणून यादीत आला.

वय ५२, गाव साताऱ्याकडचं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या धाकट्या जाऊबाई स्तनाच्या कर्करोगाने गेल्या. "माळकरी होती हो. कांदा-लसूण शिवत नव्हती. तिला झाला, तर मला कसा सोडंल?"

हा प्रश्न मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. जाऊच्या जागी कधी आई असते, कधी शेजारीण.

जाऊ रक्ताच्या नात्यातली नाही, तेव्हा तिच्या आजाराचा वारसा काकूंकडे येणार नव्हता. तसेही आई-वडिलांकडून आलेल्या जनुकांमुळे होणारे कर्करोग शंभरात पाच ते दहाच. साखरेचं म्हणाल, तर अंगातली प्रत्येक पेशी साखरेवरच चालते आणि आपण चिमूटभर खाल्ली नाही तरी भाकरीतून शरीर ती मिळवतंच. गोड-तळलेल्याने वजन वाढतं, त्रास तिथून सुरू होतो. पाळी गेल्यावर अंगावरच्या चरबीत इस्ट्रोजेन तयार होत राहतं आणि स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. टोमॅटो-वांग्याने कुणाचं काही बिघडत नाही. सवयी चांगल्या असल्या की धोका कमी होतो, पण शून्यावर येत नाही. जाऊबाईंच्या हातून काही चुकलं म्हणून त्या गेल्या नाहीत, हे मी दोनदा सांगितलं. मागे राहिलेल्यांना तेच ऐकायचं असतं.

मग फॉर्म भरला. "काही व्यसन?" "छे, छे!" मी 'नाही'वर खूण केली. बीपी १५६/९४ आलं, म्हणून डॉक्टरांकडे पाठवलं आणि मिठावर बोलले. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर. ताटाच्या डाव्या बाजूचं लोणचं, पापड, खर्डा हेही त्यातच धरायचं. काकू मान डोलवत राहिल्या. आजचं काम छान झालं, असं मला वाटलं.

झालं नव्हतं. पंधरा दिवसांनी त्या आल्या त्या चेहरा उतरूनच. टोमॅटो-दुधाला अजून हात लावला नव्हता. मी कागद-पेन बाजूला ठेवलं. "कालचा दिवस सांगा. डोळे उघडल्यापासून."

"उठले, अंगण झाडलं, मशेरी लावली, चा घेतला..."

"थांबा. मशेरी?"

"दात घासायची हो."

दिवसातून किती वेळा? सकाळी, दुपारचं जेवण झाल्यावर, चार वाजता, झोपताना. चारदा. आणि व्यसन? "व्यसन म्हंजे दारू, बिडी."

चूक माझी होती. शब्दच चुकीचा विचारला. आमच्या भागात व्यसन पुरुषाला असतं, बाईला असते ती सवय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : तंबाखूची पानं तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची आणि बोटाने हिरड्यांना लावायची, ती मशेरी. पूड ओठाआड बराच वेळ राहते आणि निकोटिन तिथूनच रक्तात जातं. बीपी वाढवायला तेही हातभार लावतं. भाजल्याने तंबाखूतलं विष जळून जातं, ही समजूत खोटी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बिनधुराच्या तंबाखूला कर्करोग नक्की करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं आहे. तोंड, अन्ननलिका, स्वादुपिंड अशी ठिकाणं त्यात येतात. मागे २००४ साली नुसत्या सुपारीलाही त्याच गटात घातलं, हे पानवाल्या घरांनी ऐकून ठेवावं.

"सोडा" असं मी म्हटलं नाही. म्हटलं, "डबी जिथं ठेवता तिथं एक वाटी ठेवा. बोट तोंडात गेलं की एक शेंगदाणा वाटीत."

आठ दिवसांनी काकू वाटीच घेऊन आल्या, वर रुमाल बांधून. एका दिवसाचे अकरा शेंगदाणे. "मॅडम, मी चारच म्हणाले हुते." नंतर बराच वेळ त्या वाटीकडेच बघत होत्या. "जाऊ जाईपर्यंत चारच हुतं. रातीला झोप येईना, मग लावायची."

कर्करोगाच्या भीतीने दूध सुटलं आणि मशेरी वाढली.

तिशीपुढच्यांसाठी सरकारी दवाखान्यात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी होते. त्या दिवशी तिन्ही करून घेतल्या. स्तनात काही नव्हतं. खालच्या ओठाच्या आत मात्र, जिथे पूड बसायची तिथेच, पुसून न जाणारा पांढरा चट्टा होता. तुकडा तपासायला गेला. तो रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मलाही जड गेले. कर्करोग नव्हता.

सोडणं सरळ रेषेत झालं नाही. पहिल्या तीन-चार दिवसांत डोकं ठणकणं, सुनेवर चिडचिड, आणि सगळ्यात मोठी तक्रार, पोट साफ होईना. अनेक बायका इथेच परत वळतात, कारण 'लावल्याशिवाय होत नाही' ही सवय आतड्यालाही लागलेली असते. कोमट पाणी, भिजवलेले मनुके, पालेभाजी, सकाळी मळ्यापर्यंत चालणं, यावर निभावलं. निकोटिनची गोळी डॉक्टरांनी दिली. सुनेने १८००११२३५६ या तंबाखूमुक्तीच्या सरकारी फोनवर दोनदा बोलणं करून दिलं. पुतण्याच्या हळदीला बायकांच्या घोळक्यात डबी फिरली आणि काकूंनी लावली. दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन करून सांगितलं, "दोन शेंगदाणे." मी म्हटलं, "अकरा तर नाहीत ना?"

पाच महिने झाले. चट्टा फिकट झालाय, तरी दर तीन महिन्यांनी दाखवायचा आहे. बीपीची गोळी चालू आहे. टोमॅटोची चटणी परत सुरू झालीय, त्यात मीठ जरा जास्तच असतं असं सून सांगते.

गेल्या मंगळवारी काकू शेजारणीला घेऊन आल्या. मी फॉर्म पुढे ओढला तसा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "हिला व्यसन इचारू नका. मशेरी इचारा."

शेजारीण पंख्याकडे बघायला लागली.