आईंच्या कानाचं मशीन: बाजारातून घेऊ नका

ताई, आईंना वर्षभरापासून कमी ऐकू येतंय आणि आठवडी बाजारातलं आठशे रुपयांचं मशीन आणू का, असं तुम्ही विचारलंत. नका आणू. ते सगळेच आवाज सरसकट मोठे करतं. बोलणं कळत नाही, भांड्यांचा खडखडाट तेवढा डोक्यात जातो.

आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. तुम्हाला सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय जवळ पडेल. कधी नुसता मळ घट्ट बसलेला असतो, तो काढला की काम होतं. पडद्याला भोक असेल तर ऑपरेशन करता येतं, पण तसल्या कानात लसणाचं कोमट तेल सोडायची आपल्याकडची सवय फार घातक आहे. नस कमजोर झाली असेल तर मशीनच. किती आणि कोणत्या प्रकारचं कमी ऐकू येतंय, ते ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात दिसतं. आणि कुणाला एका रात्रीत ऐकू येईनासं झालं, तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सुरुवातीच्या दिवसांतच औषधाचा उपयोग होतो.

माझ्या बाबांची तीस वर्षं जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या गिरणीच्या गोंगाटात गेली. "आवाज येते, पण समजत नाही" म्हणायचे. त्यांचे बारीक, तीक्ष्ण आवाज गेले होते, म्हणून स, श, फ हरवायचे. अशा माणसाशी ओरडून फायदा नसतो. समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोलावं लागतं.

मशीन ऑडिओग्रामप्रमाणे लावून घेतलं, तरी आठवड्यातच माझ्या आईच्या हातून मोरीत ताट पडलं, तो आवाज सहन न होऊन बाबांनी मशीन कानातून उपटलं. चार महिने खुंटीवरच्या पिशवीत पडून होतं. चूक आमची होती. पुन्हा दाखवायला जायला हवं होतं, ते कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी गेलो. ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे ऐकणं तपासून मशीन लावून देणाऱ्या तज्ज्ञाने आवाज उतरवला, शिट्टी वाजायची म्हणून कानाचं माप घेऊन कानात घट्ट बसणारा नवा साचा केला. मग रोज तासभर, टीव्ही बंद ठेवून, फक्त घरात. हळूहळू वेळ वाढवला. दीडेक महिन्याने बाबा ते घालून वावरात गेले. आता टिनावर पाऊस लागला की हातातलं काम थांबवून ऐकतात.

मशीनच्या सेलबद्दल एक सांगतो. झिंक-एअर सेलचा स्टिकर काढला की हवा लागून तो चालू होतो, परत चिकटवून थांबत नाही. आईने पुसायला म्हणून सहाही स्टिकर एकदम काढले, अख्खं पाकीट वाया गेलं. पावसाळ्यात रात्री मशीन ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवा.

पैशांचं म्हणाल तर तुमच्या आई 65 च्या वर आहेत, घरचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच 3,000 रुपये खात्यावर येतात. त्यात चांगलं डिजिटल मशीन बसत नाही, वरची भर घालावी लागते. एकाच कानाचं परवडत असेल तर कोणत्या कानाला लावायचं ते दुकानदाराला नाही, ऑडिओलॉजिस्टला विचारा.

ऑडिओग्राम झाला की दोन्ही कानांचे डेसिबलचे आकडे कळवा, ते पाहून पुढचं बोलू.