पानटपरीपासून फाटकापर्यंत

*ताई, मी ४४ वर्षांचा, सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिक्षक. पंधरा वर्षं पितोय, गेली चार वर्षं रोज. सकाळी हात थरथरतात, फळ्यावर लिहिता यावं म्हणून उतारा घेऊनच शाळेत जातो. दोनदा माळ घातली, दोन्ही वेळा खुंटीला अडकवली. मागच्या महिन्यात शेजारच्या तालुक्याला ए.ए.ची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'ची, मीटिंग भरते असं कळलं. गेलो. समोरच्या पानटपरीवर अर्धा तास उभा राहिलो. आत जाणाऱ्यांत माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील दिसले. तसाच फिरलो आणि बारमध्ये जाऊन बसलो. आता परत कुठल्या तोंडाने जाऊ? – परत फिरलेला*

सर,

आधी त्या पालकांचं बघू. ते तिथे कशाला आले होते? मुलाची फी भरायला नक्कीच नाही. त्यांनी तुम्हाला पाहिलं असतं तर फिट्टंफाट झाली असती, एवढंच. तिथे हजेरीपट नसतो, आडनाव विचारत नाहीत आणि जे ऐकलं ते तिथेच ठेवून उठायचं असतं. उलट बारमध्ये तुम्हाला किती जणांनी पाहिलं, ते मोजलंत का? आणि रागावू नका, पण पहिल्या बाकावरच्या पोरांना नाक असतं.

दुसरी गोष्ट मीटिंगच्याही आधीची. हात थरथरतात म्हणता, तर एकदम बंद करू नका. रोज पिणाऱ्याने दारू झटक्यात तोडली की दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जिवावर बेततं. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात जा आणि आकडा खरा सांगा. आपल्याकडे डॉक्टरला निम्माच सांगायची पद्धत आहे. औषधांवर दारू उतरवून घ्या. मीटिंगसाठी मात्र तोवर थांबायला नको. तिथे अट एकच, दारू सोडायची इच्छा. सुटलेली असलीच पाहिजे असं नाही.

माझा थोरला भाऊ जायचा. एकदा ओपन मीटिंग होती म्हणून मीही गेले. ओपनला घरच्यांना चालतं, क्लोज्डला फक्त पिणारे. शाळेचाच वर्ग होता. आठवीच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेले बाप्ये, फळ्यावर तसंच राहिलेलं त्रैराशिक, कोपऱ्यात चहाची किटली. एकेक जण उठायचा, पहिलं नाव सांगायचा, 'मी मद्यपी आहे' म्हणायचा आणि स्वतःचंच सांगायचा. समोरच्याला उपदेश कोणी केला नाही. एका रिक्षावाल्याने बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकल्याचं सांगितलं, तेव्हा सगळे खाली बघत होते, माझा भाऊसुद्धा. आमच्या आईच्या पाटल्या कुठे गेल्या, ते मला त्या दिवशी कळलं. शेवटी पिशवी फिरली, ज्याने त्याने जमेल ते टाकलं. त्यावरच किटली चालते. बाहेरची देणगी ते घेत नाहीत.

माळेला मी नावं ठेवणार नाही, माळेने तरलेली घरं मी पाहिली आहेत. पण तुम्ही ती एकट्याने घातलीत आणि जन्मभरासाठी घातलीत. इथे हिशेब फक्त आजच्या दिवसाचा. उद्याचं उद्या.

ए.ए.ची सुरुवातही तुमच्यासारख्याच एका उभं राहण्यातून झाली. मे १९३५. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये बिल विल्सन नावाचा माणूस, धंद्याचं काम फिसकटलेलं, हॉटेलच्या लॉबीत उभा. दारू सोडून पाचच महिने झालेले. एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने चर्चच्या यादीतले नंबर फिरवले, मला एखादा दारुडा भेटवून द्या म्हणून. त्यातून भेटला डॉक्टर बॉब, पेशाने सर्जन. पिणाऱ्याची भाषा पिणाऱ्यालाच कळते, हे त्या दोघांना उमगलं. बाकी सगळं त्यानंतरचं.

तेव्हा तुम्हीही आधी फोन करा. ए.ए.च्या भारतातल्या वेबसाइटवर गावांप्रमाणे मीटिंगचे पत्ते आणि हेल्पलाइन मिळते. 'मी पहिल्यांदाच येतोय, फाटकाशी कोणी थांबेल का?' एवढंच विचारा. थांबतात. त्यांच्यातला प्रत्येक जण कधी ना कधी त्या टपरीवर उभा होता. पालकांसमोर बसणं अगदीच जड जात असेल तर दुसऱ्या गावची मीटिंग धरा, किंवा काही दिवस ऑनलाइन बसा, मराठीतही चालतात. पण खोलीत जाऊन बसण्याची सर त्याला नाही, हे माझं मत. पहिली मीटिंग कंटाळवाणी वाटली तर पाच-सहा करून मग ठरवा. सरकारी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा टोल-फ्री नंबर आहे. भरती होऊन उपचार घ्यावे लागले तर पुण्याचं 'मुक्तांगण' आहेच, १९८६पासून. तिथून बाहेर पडल्यावरही पाठपुरावा सुटत नाही.

बायकोबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत. तिला हे पत्र दाखवा. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या वेगळ्या मीटिंग असतात, तुम्ही गेलात न गेलात तरी तिला जाता येतं.

आणि या वेळी गाडी टपरीसमोर लावू नका. थेट आवारात घ्या.

– ताई